अष्टमीच्या पाण्यावर बांधलेला दोर

मला चारचौघांत बोलता येत नाही. समुद्राकडून परत आल्यावर गल्लीतल्या बाया कसं होतं ते विचारायला आल्या, तेव्हा मी "मोठा आहे" एवढंच सांगितलं. जाऊबाई म्हणाल्या, "एवढं आम्हाला न जाताच माहीत होतं." त्या देवीच्या गडाच्या आणि त्र्यंबकच्या पुढे कधी गेलेल्या नाहीत. त्यांच्यासाठी लिहून काढते. माझं शिक्षण चौथीपर्यंत झालंय, त्यामुळे जोडाक्षरं चुकली तर त्यांनी सांभाळून घ्यावं. त्यांचं तिसरीपर्यंत झालंय.

माझ्या मालकांना घरात सगळे आप्पा म्हणतात. नाव घ्यायची सवय नाही, म्हणून मीही आप्पाच लिहिते. आमचं शेत एकलहऱ्याच्या अंगाला. भाजी आणि झेंडू करतो. आमची मंदा नर्स झाली, तिला अलिबागच्या पुढे एका खाडीकाठी नोकरी लागली आणि तिथल्याच होडीवाल्याच्या घरात तिने लग्न ठरवलं. लग्न नाशिक रोडला कार्यालयात रीतीने झालं. पण तिचं घर आम्ही पाहिलं नव्हतं.

आता तिला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आमच्याकडची रीत. मी मागच्या खोलीला चुना दिला, डिंक आणि अळीव आणून ठेवले, जुन्या लुगड्यांची धडुती धुऊन वाळवली. मंदाने फोनवर सांगितलं, "आई, मी येत नाही. इथेच करीन."

आप्पा म्हणाले, "फोनवर नीट ऐकू येत नाय. जाऊन येऊ."

अष्टमी

एसटीत बसलो आणि एसटीतून उतरलो. मधलं लिहीत नाही. घोटीला आप्पांनी उतरून नवा तांदूळ घेतला. कोकणात तांदूळ कशाला, असं मला वाटलं. बाकी पिशव्यांत फ्लॉवरचे गड्डे, मेथी, कोथिंबीर आणि मंदासाठी हिरवी साडी होती.

एसटी ज्या काठावर थांबते तिथेच दवाखाना आहे, मंदा तिथेच नोकरी करते. तिचं घर खाडीच्या पलीकडे. मध्ये होडी. गावाचं नाव लिहीत नाही. ते लोक संकोची आहेत, आणि मीही.

आम्ही काठावर आलो तेव्हा भर दुपार होती आणि खाडीत पाणी कमी होतं. आमचे जावई हरेशराव होडी घेऊन आले होते. उंच, काळेसावळे, बोलायला माझ्यासारखेच. पलीकडच्या गावाला दगडी धक्का आहे, पण होडी त्याच्या आतल्या अंगाला गाळात टेकली आणि पुढे जाईना. हरेशराव म्हणाले, "आप्पा, थोडा चालावा लागल."

थोडं म्हणजे पोटरीभर गाळ होता. आमच्याकडे भाताची रोपं लावताना चिखल असतो, पण त्याला तळ असतो. माझी एक चप्पल आत राहिली ती राहिलीच. आप्पांनी पायजमा गुडघ्याच्या वर धरला, तांदळाची पिशवी डोक्यावर घेतली, आणि काही न बोलता काठाला गेले. वर मंदा पोट सावरत उभी होती. तिला पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आप्पांनी पाय धुतले, चहा घेतला आणि मग बोलले.

"ज्या गावात दवाखान्याला जायचा रस्ता रोज आटतो, तिथे माझी पोर बाळंत होणार नाय."

मंदा म्हणाली, "आप्पा, दोन वेळा आटतो. पण दोन वेळा भरतोही."

"बाळाला कोण सांगणार, भरल्यावर ये म्हणून?"

विहीणबाईंनी तांदळाच्या पिशवीत हात घालून दाणे पाहिले आणि म्हणाल्या, "बरा हाय." त्यांच्या पडवीत त्याच्यापेक्षा चांगल्या तांदळाच्या दोन कणग्या उभ्या होत्या. कोथिंबिरीच्या जुड्या मात्र त्यांनी आळीतल्या घराघरांत वाटल्या. एवढी मोठी जुडी तिथे कोणी पाहिली नव्हती म्हणे. आप्पांना त्यामुळे थोडं बरं वाटलं.

नवमी

आप्पा स्वस्थ बसणारे नाहीत. सकाळी विहीणबाईंकडून चुन्याची डबी घेतली आणि धक्क्यावर गेले. धक्क्याच्या टोकाला ओहोटीतही पाणी राहतं हे त्यांनी हेरलं होतं. त्यांचं म्हणणं असं, की एक होडी कायम या टोकाला बांधून ठेवायची. पाणी चढो की उतरो, होडी तरंगत राहिली पाहिजे आणि पायरीवरून तिच्यात पाय टाकता आला पाहिजे. तसं झालं तर दवाखान्याचा रस्ता आटला असं म्हणता येणार नाही.

भरतीला पाणी कुठे आलं तिथे त्यांनी चुन्याचा पट्टा ओढला. दुपारी ओहोटीला पाणी कुठे गेलं तिथे दुसरा. मधलं अंतर दोराने मोजलं. आमच्याकडे विहीर परसांत मोजतात, म्हणजे साधारण माणसाच्या उंचीने. आप्पांनी आयुष्यभर विहिरीच्या पाण्यावर मोटर खाली-वर केली आहे. नदीला धरणातून आवर्तन सुटलं की काठावरची मोटर किती वर ओढून बांधायची, हे गावात त्यांना विचारतात. आमच्याकडे पाणी साहेबांच्या सहीने चढतं. इथे सही कोणाची लागत नाही, एवढाच फरक त्यांना वाटला.

त्यांनी होडी टोकाच्या खुंटाला बांधली. मागून नांगर होता, पुढून हा दोर. पाणी खाली गेलं की दोर अगदी ताणून पुरेल एवढाच ठेवला. वर बोटभरसुद्धा नाही.

हरेशराव बाजूला उभे होते. म्हणाले, "आप्पा, थोडा ढिला सोडला तर?"

"ढिला कशाला? गाईचं दावं लांब ठेवलं की ती दुसऱ्याच्या मेथीत जाते. ही होडी शेजारच्या होडीला धडका मारील. तिचा मालक भांडायला येईल."

"तो माझा चुलता हाय."

"चुलतेच भांडतात."

हरेशरावांनी मान डोलावली. मग आप्पांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "पौर्णिमेला आम्ही निघणार. तोवर ही होडी एकदाही टेकली नाय, लटकली नाय, तर पोर इथे राहील. मी शब्द फिरवणार नाय. नायतर आमच्याबरोबर येईल."

मंदाने माझ्याकडे पाहिलं. मी पिशवी आवरत होते.

दशमी

दुपारी आप्पा जेवून झोपले. घरी असोत की परगावी, जेवल्यावर त्यांना झोप लागते. मी आणि विहीणबाई मागच्या अंगणात वाल सोलत बसलो होतो. तिथून धक्का दिसतो. हरेशराव हळूच चालत टोकाला गेले, खुंटाचा दोर सोडला, हातभर, दोन हात, आणखी सोडला, आणि पुन्हा बांधला. होडी खाली गेली. मग तिथेच बसून राहिले. पाणी चढायला लागल्यावर दोर पुन्हा आप्पांच्या मापाचा केला आणि परत आले. मला पाहून त्यांनी मान खाली घातली. मीही घातली.

विहीणबाई वाल सोलता सोलता म्हणाल्या (त्यांच्या बोलीत ‘ड’चा ‘र’ होतो), "राती पन जातो. काय करल? सासऱ्याला चूक म्हनाचा नाय आमच्याकरं. व्याही घरात हाय तवर त्याचा शबुद खरा."

"दोर कमी आहे का?" मी विचारलं. त्या घरात मी आपण होऊन बोललेली ही पहिलीच गोष्ट.

"आज चालला असता, वाईच ताणला असता. पन ताई, ह्यो भांगेचा पानी. अष्टमीचा. ह्यो धर चरत नाय, धर उतरत नाय. पुनवेला आन आवसेला उधान. तवा बगा कसा जातं ते, खालचे दगर दिसतात. अष्टमीचा पानी बगून दोर बांदला तर पुनवेला होरी फाशी जाते." त्यांनी वालाची शेंग देठाला धरून लटकवून दाखवली. "पानी उतरल त्याच्या तिप्पट दोर सोराचा. मग ती आपली आपन वर जाते, खाली येते."

मग त्यांनी मला भरतीची वेळ काढायची रीत सांगितली. तिथीला तिनाने गुणायचं आणि चाराने भागायचं. जे येईल तेवढे वाजता भरती. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. त्या बोटांच्या पेरांवर मोजत होत्या.

मी म्हटलं, "ही तर पाऊणकी."

चौथीत गुरुजी आमच्याकडून पाऊणकी घोकून घेत. एक पाऊण पाऊण, बे पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. चुकलं की छडी. पुढे ती कुठे लागली नाही. भाजीच्या बाजारात पाऊण किलो कोणी मागत नाही. आज दशमी, दहा पाऊण साडेसात. सकाळी साडेसातला भरती, म्हणजे सहा तासांनी, दीडच्या पुढे पूर्ण ओहोटी. मी आत जाऊन घड्याळ पाहिलं. अडीच झाले होते, पाणी नुकतंच चढायला लागलं होतं.

आमच्याकडे भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी पाहायची ती उपासासाठी. ह्यांच्याकडे पाण्यासाठी पाहतात. कॅलेंडर तेच.

एकादशी ते चतुर्दशी

एकादशीला माझा उपास होता. विहीणबाईंनी साबुदाणा नारळाच्या दुधात केला. आमच्याकडे शेंगदाण्याचा कूट घालतात. मला तो आवडला नाही आणि मी दोनदा घेतला. आप्पांनी तांदळाच्या भाकरीवर वालाचं बिरडं खाल्लं आणि म्हणाले, "भाकरी पांढरी आहे." मासे त्यांनी खाल्ले नाहीत. वास चालतो म्हणाले, काटा चालत नाही.

ओहोटी रोज पाऊण तास पुढे सरकत होती. आप्पांची झोप मात्र तिथेच होती. त्यामुळे घरातल्यांची पंचाईत झाली. द्वादशीला ते उठले तेव्हा पाणी अजून खाली होतं, हरेशराव धक्क्यावरच होते. मंदाने पटकन चहा ठेवला आणि दूध नाही म्हणून आप्पांना दूध आणायला पाठवलं. दूध फडताळात होतं. त्रयोदशीला चुलत्यांनी त्यांना सुपारीची बाग दाखवायला नेलं. हे तेच चुलते, जे भांडायला येणार होते. आप्पांनी परत येऊन सांगितलं की सुपारीला पाणी चुकीचं देतात. चतुर्दशीला त्यांना डोंगरावरच्या देवळात नेलं. देऊळ बंद होतं. ते उघडेपर्यंत थांबावं असं ठरलं.

रोज संध्याकाळी आप्पा धक्क्यावर जाऊन होडी पाहत. होडी तरंगत असे. दोर त्यांच्याच मापाचा असे. चुन्याचा वरचा पट्टा पाण्याखाली गेला होता, तो त्यांनी पाहिला. म्हणाले, "चुना टिकत नाय खाऱ्या पाण्यात."

अख्ख्या आळीला माहीत होतं. कोणी बोललं नाही. पोरं दुसरीकडे पाहून हसायची.

त्या दिवसांत मंदा आणि मी रात्रीची भांडी घासता घासता बोललो. मी म्हटलं, "तुला तिथे काय कमी करणार आहोत का आम्ही?"

"तसं नाही गं. इथली डॉक्टरीणबाई मला ओळखते, मी तिच्या हाताखाली काम करते. आणि हे बाळ इथलं आहे, आई. ह्यांना पहिल्या दिवशी बघता यावं. तिकडे आले तर हे पाहुण्यासारखे खुर्चीवर बसतील."

ते खरं होतं. आमच्याकडे जावई खुर्चीवरच बसतात.

मी तवा घासत राहिले. माझी खोली चुना देऊन तयार होती. पौर्णिमेला आप्पा स्वतः धक्क्यावर बसणार होते, दोराला कोणी हात लावू शकणार नव्हतं. पंधरा पाऊण सव्वाअकरा. म्हणजे साडेपाचला पाणी तळाला जाणार आणि होडी खुंटाला टांगली जाणार. मंदाला आमच्याबरोबर यावं लागणार. मला त्यासाठी काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि ते मला चांगलं जमतं.

पौर्णिमा

जेवण झाल्यावर आप्पा झोपले नाहीत. पिशव्या बांधून पडवीत ठेवल्या, सदरा घातला आणि धक्क्यावर जाऊन खुंटाशेजारी बसले. निघायचं सकाळीच ठरलं होतं, पण सकाळी निघालो तर शब्द अपुरा राहील, म्हणून संध्याकाळची वाट पाहायची आणि मग रात्रीची गाडी धरायची.

सकाळी सव्वाअकराला पाणी धक्क्याच्या वरच्या पायरीला लागलं होतं. दुपारपासून ते उतरायला लागलं आणि उतरतच राहिलं. चुन्याचा खालचा पट्टा उघडा पडला तेव्हा अजून चार वाजले नव्हते. आप्पांनी पट्ट्याकडे पाहिलं, दोराकडे पाहिलं. दोर ताणला होता. पाणी अजून जात होतं.

हळूहळू आळीतली माणसं जमली. हरेशराव चार हात लांब उभे, हात मागे बांधलेले. मंदा पायरीवर बसली होती. विहीणबाई मासळीची रिकामी टोपली घेऊन उगाच उभ्या होत्या. होडीचं पुढचं टोक वर व्हायला लागलं. आधी गाईने गळा खाजवून घ्यायला मान वर करावी तसं. मग नांगराकडची बाजू पाण्यात दबली आणि आतली वल्ही घसरून मागे गेली. खुंट कुरकुरला.

आप्पा गाठीकडे पाहत होते. त्यांनी हात पुढे केला नाही. शब्द त्यांचाच होता.

मी मंदाकडे पाहिलं. ती रडत नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. लहानपणी शाळेत पोचवायला गेले की असंच करायची. सोडून जाऊ नको म्हणायची नाही, घरी ने म्हणायची नाही.

मी म्हटलं, "दोर सोडा."

कोणाला ऐकू गेलं नाही. माझा आवाज तेवढाच आहे. विहीणबाईंनी टोपली खाली ठेवली आणि म्हणाल्या, "विहीनबाई काय तरी बोलतात." मग सगळे माझ्याकडे पाहायला लागले. तीसेक माणसं असतील. मला वाटलं, गाळात चप्पल गेली तसं आपणही जावं.

"दोर सोडा," मी म्हटलं. "कमी आहे. अष्टमीचं पाणी मोजून बांधलाय. आज पौर्णिमा. आज पाणी फार खाली जातं. तिप्पट लागतो."

आप्पा वळले. "मग इतके दिवस कसा पुरला?"

आता हरेशरावांचं नाव घ्यावं लागणार होतं. ते आपल्या पायांकडे पाहत होते. सगळं गाव आपापल्या पायांकडे पाहत होतं.

"इतके दिवस तुम्ही झोपलेले होतात," मी म्हटलं.

कुठूनतरी खोकल्याचा आवाज आला. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मग मंदाकडे, मग चुलत्यांकडे. चुलते बंद देवळाच्या डोंगराकडे पाहत होते. शेवटी हरेशरावांकडे पाहिलं.

"रोज?"

"व्हय, आप्पा."

"रात्रीचं पण?"

"व्हय."

खुंट पुन्हा कुरकुरला. आप्पा उठले, खुंटाजवळ उकिडवे बसले आणि गाठीला हात घातला. ताणामुळे गाठ सुटेना. हरेशराव पुढे झाले, शिडीवर उतरून त्यांनी होडीचं टोक खांद्याने वर रेटलं, तशी गाठ सुटली. दोर आप्पांच्या हातात होता.

"किती सोडू, जावईबापू?"

"तुमी म्हणाल तेवढा."

"मी म्हणून झालं. आता तुम्ही म्हणा."

हरेशराव हाताने खूण करत गेले आणि आप्पा सोडत गेले. होडी खाली खाली गेली, टेकल्यासारखी वाटली, आणि मग हलली. खाली पाणी होतं. थोडंच, पण होतं. आप्पा स्वतः शिडीने उतरून तिच्यात उभे राहिले. ती डुलली, ते खाली बसले. तिथूनच त्यांनी वर पाहून सांगितलं, "तरंगती आहे. पोर राहील."

विहीणबाई म्हणाल्या, "पन लटकली व्हती ना मगाशी?" त्यांना मध्ये मध्ये खरं बोलायची सवय आहे.

"ती माझ्या दोराने," आप्पा म्हणाले. "पोरगी त्यांच्या दोराने राहतेय."

मंदाने उठून माझा हात धरला. मी तिला हिरवी साडी, डिंक आणि अळीव देऊन टाकले. डिंक मी बरोबर आणला होता हे आप्पांना माहीत नव्हतं. मलाही तो का आणला ते तेव्हा माहीत नव्हतं.

घरी

एसटीत कल्याण येईपर्यंत आप्पा तिकिटाची घडी घालत आणि उघडत बसले. मग म्हणाले, "तुला कोणी विचारलं होतं का?"

"नाही," मी म्हटलं.

"मग?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. त्यांनी पिशवीतून पोह्याचा डबा काढून आधी माझ्यापुढे धरला. तसं ते कधी करत नाहीत.

आल्यापासून त्यांनी गाईचं दावं लांब केलं आहे. गाय शेजाऱ्याच्या मेथीत जाते. शेजारी ओरडतात. आप्पा म्हणतात, उधाण आहे.

परवा हरेशरावांचा फोन आला. सकाळी मंदाला कळा सुरू झाल्या आणि जेवणाच्या आत ती मोकळी झाली. मी फोन धरूनच भिंतीकडे वळून कॅलेंडर पाहिलं. वद्य षष्ठी. सहा पाऊण साडेचार, म्हणजे साडेदहाच्या पुढे पूर्ण ओहोटी.

"होडी?" मी विचारलं.

"पाण्यावर व्हती, आई."

मग मुलगा की मुलगी ते विचारलं. मुलगी आहे.

बारशाला मी जाणार आहे. आप्पांना भाजी सोडून येता येत नाही, म्हणून एकटीच. अमावस्येला निघते. जाऊबाई म्हणाल्या, अमावस्येला कोणी घराबाहेर पडतं का? पण पहाटेची एसटी धरली की मी बाराच्या सुमाराला खाडीवर पोचते, आणि पंधरा पाऊण सव्वाअकरा. पाणी धक्क्याच्या वरच्या पायरीला असेल. मी नवीन चपला घेतल्या आहेत.